मावशीची बोलनळी

मावशी बुडाली. तेरा जून, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, खाडीच्या मधोमध, साठ मीटर पाण्यात. मिनिटभर आधीपर्यंत मी तिच्यात बसलेलो होतो, त्यामुळे माहिती खात्रीची आहे.

आता हे विसरा. ठाण्याच्या नोंदवहीप्रमाणे मावशी बुडालेली नाही, ती दुरुस्तीला आहे, आणि मी नौदलाचा पगार घेत असल्यामुळे मलाही तसंच सांगणं भाग आहे. तर मावशी बुडालेली नाही. ती धक्क्याला बांधलेली आहे, तिच्या शेपटीवर समुद्रपक्षी बसलाय, आणि गोष्ट सुरू होते आहे.

मावशी हे विमानाचं नाव. कागदोपत्री ‘नमुना अकरा’. पाण्यावरून उडणाऱ्या आणि पाण्यावरच उतरणाऱ्या शिकाऊ वैमानिकांसाठी नौदलाला नवीन विमान हवं होतं, त्याचा हा पहिला आणि एकुलता एक नमुना. पुढे एक लाकडी पंखा, एकावर एक असे दोन पंख, चाकांच्या जागी दोन लांब होड्या, आणि पाठीवर एकामागे एक अशा दोन उघड्या बैठका. पुढे शिकाऊ, मागे शिक्षक. दांड्या दोघांकडे. बूड रुंद, आवाज मोठा आणि कुणी काही चुकलं तर पोटात घालणार, म्हणून मेकॅनिक लोकांनी तिला मावशी म्हणायला सुरुवात केली आणि मग कप्तानही म्हणू लागले.

शिकाऊ विमानाची परीक्षा घ्यायची तर आत शिकाऊ हवा. हुशार शिकाऊ बसवला तर विमान चांगलं की पोरगा चांगला हे कळत नाही. म्हणून विमान बनवणारे इंजिनिअर ग्रोनली यांनी ओस्लोहून लेखी मागणी केली: ‘उपलब्ध असलेला सर्वांत ढ विद्यार्थी, एक नग.’ आमचे ठाणेप्रमुख कप्तान फाल्सेन यांनी मागणी वाचली. यादी काढली नाही. खिडकीतून बाहेर बघितलं. मी तेव्हा धक्क्यावर होडीचा दोर सोडवत होतो, माझ्याच पायातून.

“स्कोग,” त्यांनी वरून हाक मारली, “तुझी निवड झाली.”

घरी पत्र लिहिताना मी फक्त निवडीबद्दल लिहिलं.

माझे शिक्षक होते लेफ्टनंट आस्मुंड त्वाइतेन. वय चाळीस, अंगावर मांस नाही, तोंडात सतत ज्येष्ठमधाची खारट गोळी. मागच्या बैठकीत त्यांच्या तोंडासमोर एक नरसाळं होतं, त्यातून रबरी नळी निघून पुढे माझ्या टोपीत यायची आणि डॉक्टरच्या नळीसारखी दोन्ही कानांत शिरायची. ही बोलनळी. ते बोलणार, मी ऐकणार. उलट दिशेला सोय नव्हती. शिकाऊला सांगण्यासारखं काही नसतं, असं ग्रोनलींचं मत होतं, आणि ते मत त्यांनी विमानाच्या आराखड्यातच काढून ठेवलं होतं.

नळीतून ज्येष्ठमधाचा वास यायचा आणि त्यामागोमाग आवाज.

“स्कोग, ही विमानाची दांडी आहे, गाईची शेपटी नव्हे. पिळू नकोस.”

“स्कोग, डावीकडे. नाही, दुसऱ्या डावीकडे.”

“स्कोग, छान चुकलास. आता हेच पुन्हा चुकून दाखव, ग्रोनलींना मोजायचंय.”

आणि उतरताना, दर वेळी, न चुकता: “स्कोग, उंची किती?”

उत्तर मी बोटांनी द्यायचो, डोक्यावर हात धरून. पाच मीटर, पाच बोटं. दहा मीटर असले की दोन्ही हात लागायचे, म्हणजे दांडी सुटायची. ग्रोनली धक्क्यावरून दुर्बिणीने बघत आणि आनंदाने वहीत लिहीत.

उंचीचं एवढं का, ते सांगतो. पाण्यावर थोडा वारा असला की बारीक लाटा दिसतात आणि लाटांवरून कळतं आपण किती वर आहोत. पण आमची खाडी तीन बाजूंनी डोंगरात अडकलेली. वसंतापासून शरदापर्यंत सकाळी वारा पडला की पाण्याचा आरसा होतो. खाली आभाळ, वर आभाळ, दोन्हींकडे तेच ढग. तुम्ही दोन मीटरवर आहात की वीस, हे देवालाही मोजून बघावं लागेल. म्हणून आमच्याकडे विमान उतरायच्या आधी मोटरहोडी पाठवतात, आरसा फोडायला. तीन फेऱ्या मारायच्या, पाणी नीट खरबरीत करायचं आणि पांढरा झेंडा वर करायचा. झेंडा वर म्हणजे आरसा फुटला, या खुशाल.

“आणि होडी नसली तर?” मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

“तर काठाकडे बघायचं,” त्वाइतेन म्हणाले. “झाडं, खडक, गवत खाणारी मेंढी. मेंढी केवढी असते ते ठाऊक आहे ना? पाण्याकडे बघशील तर पाणी तुला काय वाटेल ते सांगेल.”

होडीच्या फेऱ्यांची नोंद एका वहीत होते. ही वही होडीत नेली की शाई पाण्याने पसरते, म्हणून ती नाश्त्याच्या टेबलावरच भरतात. दिवसभराची. कोण होडीवर जाणार, किती वाजता, किती फेऱ्या. फेऱ्या तीनच असतात, त्यामुळे विचार करावा लागत नाही. मी आलो तेव्हापासून असंच चालू होतं, आणि मी आलो तेव्हा जे होते तेही असंच सांगायचे.

सप्टेंबरमध्ये एक दिवस मावशीला माझ्याशिवाय उडायचं होतं. त्वाइतेन एकटे मागे बसणार आणि पुढे वजन म्हणून वाळूचं पोतं. पोतं भांडाराच्या सिव्हर्टने भरून दिलं, बरोबर माझ्या वजनाचं, चौऱ्याहत्तर किलो. वर खडूने लिहिलं, ‘स्कोग’. “फरक पडला तर सांगा,” असं त्याने ग्रोनलींना सांगितलं.

मला मोकळं ठेवायला नको म्हणून होडीवर पाठवलं.

त्या सकाळी पाणी असं होतं, की धक्का सोडताना वाईट वाटलं. मी एक फेरी मारली. दुसरी मारली. मावशी अजून डोंगरापलीकडे घोंगावत होती, यायला बारा मिनिटं होती. इंजिन धूर ओकत होतं आणि ते बंद केल्यावर कशी शांतता होईल याचा विचार माझ्या मनात आला. मी बंद केलं. खरंच छान झाली. झेंडा वर केला, खिशातून पाव काढला, वर तपकिरी चीज होतं. दुसऱ्या फेरीच्या लाटा काठापर्यंत गेल्या आणि तिथे संपल्या. पाणी इतकं बरं झालं, की पाव मला दोनदा दिसत होता.

मग ते आले. सूर्य त्यांच्या समोर होता, झेंडा माझ्या डोक्यावर होता. मी आयुष्यात तेवढं सुंदर उतरताना कुणाला पाहिलेलं नाही. नाक किंचित खाली, इंजिन मंद, जणू अजून दहा मीटर बाकी आहेत आणि घाई कसली. तसेच ते पाण्यात शिरले.

मावशीचा एक पंख मोडला आणि ती होड्यांवर तरंगत राहिली. त्वाइतेनची मान मोडली होती. पोतं बुडालं. पुढे तीन आठवडे सिव्हर्ट माझ्या मागे लागला होता, भांडारातून स्कोग चौऱ्याहत्तर किलो कमी झालाय, त्यावर सही कर म्हणून. मी केली.

चौकशीला ओस्लोहून दोन अधिकारी आले. त्यांनी होडीची वही उघडली. तीन फेऱ्या. मला एकच प्रश्न विचारला.

“ही सही तुझीच?”

माझीच होती. सहीबद्दल मी खोटं बोललो नाही. बाकी कशाबद्दल त्यांनी विचारलं नाही, आणि मी आपणहून बोलणारा माणूस नव्हतो. अहवालात आलं: आरसा नियमाप्रमाणे फोडलेला होता, विमान ठीक होतं, सबब दोष वैमानिकाच्या नजरेचा.

सामान न्यायला त्यांची बायको आली, बोर्गहिल्ड त्वाइतेन. उंच, डोक्याला करडा रुमाल. मी तिची पेटी धक्क्यापर्यंत उचलून नेली. बोटीला वेळ होता.

“तुम्ही त्यांचे विद्यार्थी ना?” तिने विचारलं. “ढ?”

“हो.”

“घरी तुमच्याबद्दल फार बोलायचे. असा पोरगा मिळायला नशीब लागतं म्हणायचे. काहीही शिकवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा शिकवता येतं.” तिने रुमालाची गाठ सारखी केली. “एक विचारू? त्यांच्या डोळ्यांना काय झालं होतं?”

मी पेटीकडे बघत राहिलो.

“माझ्या सुईत दोरा तेच ओवायचे,” ती म्हणाली. “रविवारी सगळ्या सुया ओवून गादीला टोचून ठेवायचे, आठवड्याभराच्या. त्या रविवारीही ओवल्या होत्या. सात. आता शेवटची राहिलीय आणि मी ती वापरत नाहीये. मग एका आठवड्यात डोळे गेले कुठे, एवढंच मला कळत नाही.”

“मला माहीत नाही,” मी म्हणालो. बोट आली.

हिवाळ्यात मावशी दुरुस्त झाली. नमुना एकच होता, त्यामुळे दुसरा काही मार्ग नव्हता. नवीन पंख आला, नवीन पंखा आला, मात्र बोलनळी जुनीच, कारण रबर शाबूत होतं. तिच्यातलं पाणी काढायला मेकॅनिकांनी ती तीन दिवस उलटी टांगली. चौथ्या दिवशीही थेंब पडत होता, तेव्हा त्यांनी पुरे म्हटलं. नवीन शिक्षक बेर्गेनहून आले, लेफ्टनंट मोल्टझाऊ, गोरेगोमटे, पोटाच्या तक्रारी असलेले.

मे महिन्यात पहिलं उड्डाण. मी वर चढलो, वळलो, माझ्या नेहमीच्या चुका केल्या, उतरायला लागलो. तेवढ्यात टोपीत ज्येष्ठमधाचा वास आला.

“स्कोग, उंची किती?”

माझी नजर आपोआप काठावर गेली. तिथे मेंढी होती. मी मेंढीच्या मापाने दांडी मागे घेतली आणि मावशी पाण्यावर अशी टेकली, की मला ती टेकल्याचं कळलंच नाही. मग मी पाच बोटं वर केली, उशिरा.

“कुणाला हात करत होतास?” धक्क्यावर मोल्टझाऊंनी विचारलं.

“तुम्ही उंची विचारलीत ना.”

“मी? मला उचकी लागली होती. मी तोंड दाबून बसलो होतो.”

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. वळताना काही नाही, चढताना काही नाही, फक्त उतरताना. आणि त्यामुळे माझं उतरणं सुधारायला लागलं. आठवड्याभरात ग्रोनली मला बाजूला घेऊन गेले.

“स्कोग, हे काय चाललंय? तू सलग सहा वेळा नीट उतरलास.”

“माफ करा साहेब.”

“माफीने काय होणार? माझे आकडे बिघडतायत. विमानात ढ माणूस बसलाय हे गृहीत धरून मी सगळा हिशेब मांडलाय. थोडी तरी जबाबदारी दाखव.”

मी प्रयत्न केला. वाकडा उतरायचं ठरवून निघालो. पण कानात कुणी उंची विचारली की काठाकडे न बघता राहणं जमत नाही, तुम्हीही करून बघा.

मला त्वाइतेन साहेबांना सांगायचं होतं. साहेब, तिसरी फेरी मारलीच नव्हती, तुमचे डोळे ठीक होते. इंजिनाच्या आवाजात मी मागे वळून ओरडलो. मोल्टझाऊंना वाटलं मला ओकारी येतेय, आणि त्यांनी सहानुभूतीने मान हलवली. मग मी एक पाटी नेली, खडूने लिहिलं, ‘आरसा मी फोडला नव्हता’, आणि डोक्यावर धरली. ठाण्यावर या वाक्याचा अर्थ न समजणारा माणूस नाही. खाली उतरल्यावर मोल्टझाऊ बराच वेळ हातमोजे काढत राहिले.

“वर वाऱ्याने माझ्या डोळ्यांतून पाणी येतं,” ते म्हणाले. “मला काही वाचता येत नाही. समजलं?”

“समजलं.”

“पाटी भांडारात जमा कर.”

एकदा उतरल्यावर मोल्टझाऊ दोर पकडायला खाली मावशीच्या होडीवर उतरले होते. मागची बैठक रिकामी, इंजिन बंद, धक्का चार हातांवर. पाणी होडीला चाटत होतं, एवढाच आवाज. आणि नळी गार झाली.

“स्कोग, उंची किती?”

आम्ही पाण्यावर उभे होतो. मी पाण्यात हात घालू शकलो असतो. कुठलाही शिक्षक, कितीही कडक असला तरी, धक्क्याला लागलेल्या विमानात उंची विचारत नाही. आणि आवाजही शिकवण्याचा नव्हता. अंधारात जिना उतरताना माणूस पाय पुढे करून अजून पायरी आहे का ते चाचपतो, तसा होता. सप्टेंबरपासून ते खाली येत होते, आणि अजून पोचले नव्हते, आणि किती उरलंय हे कुणीच सांगत नव्हतं.

मी त्याच कपड्यांत कप्तान फाल्सेनकडे गेलो आणि सगळं सांगितलं. नळीचं सोडून.

कप्तानांनी ऐकून घेतलं. मग उठून कपाट उघडलं. आत होडीच्या वह्या होत्या, तेरा वर्षांच्या, हिरव्या पुठ्ठ्याच्या. त्यांनी मधूनच एक काढली आणि माझ्यापुढे ठेवली. तीन फेऱ्या, तीन फेऱ्या, तीन फेऱ्या, पानाच्या तळाला कॉफीच्या कपाचं गोल. खाली सही: फाल्सेन.

“मी तेव्हा कॅडेट होतो,” ते म्हणाले. “सकाळी अंडं सोलत लिहायचो. ही दुसरी बघ.”

दुसऱ्या वहीतली सही त्वाइतेनची होती.

“तुझी नोंद खोटी ठरवली तर ही सगळीच खोटी ठरतात, स्कोग. मग आम्ही तेरा वर्षं उतरलो कसे, याचं उत्तर मला द्यावं लागेल. ते माझ्याकडे नाही.”

“पण त्यांच्या डोळ्यांवर आळ आला, साहेब. त्यांच्या बायकोला वाटतंय...”

“काय वाटतंय?”

“काहीच कळत नाही असं वाटतंय.”

“ते आपल्या सगळ्यांनाच वाटतं,” कप्तान म्हणाले आणि कपाट बंद केलं.

ग्रोनलींच्या चाचण्यांची यादी चाळीस कलमांची होती. एकतिसावं कलम: शिकाऊने मागच्या बैठकीतून, पुढे वजन ठेवून, एकट्याने उडणे. ते वाचलं तेव्हा मी नाश्ता करत होतो, आणि माझं खाणं थांबलं. मागच्या बैठकीत नरसाळं असतं. मागे बसलेला माणूस बोलतो आणि पुढच्याला ऐकावंच लागतं.

मी ग्रोनलींना म्हणालो, मी तयार आहे.

“वा,” ते म्हणाले. “तुला मागून जमलं तर कुणालाही जमेल. आणि नाहीच जमलं, तर माझे आकडे सुधारतील.”

भांडारात सिव्हर्ट वाळू चाळत होता. माझ्यानंतर होडीचं कामही त्याच्याकडे आलं होतं.

“पोतं हवंय,” मी म्हणालो. “एक्क्याऐंशी किलोचं.”

“वर काय लिहू?”

“त्वाइतेन.”

सिव्हर्टने माझ्याकडे बघितलं नाही. खडू घेतला, जिभेला लावला आणि लिहिलं. मग पोत्याचं तोंड बांधताना म्हणाला, “इ पहिली का दुसरी?”

“पहिली.”

तेरा जूनला सकाळी साडेसहा वाजता मी त्यांना पुढे बसवलं, पट्टे आवळले, वरच्या गाठीवर टोपी चढवली आणि बोलनळीची दोन्ही टोकं टोपीत खोचली. मोल्टझाऊ धक्क्यावर उभे होते. त्यांनी पोत्याला सलाम केला. मग आपण काय केलं हे लक्षात येऊन ते तोच हात केसांतून फिरवत राहिले.

वर गेल्यावर मी नरसाळ्याला तोंड लावलं. काय बोलायचं ते मी पाठ केलं होतं, पण पाठ केलेलं मला कधीच आठवत नाही, त्यासाठीच तर माझी निवड झाली होती.

“साहेब,” मी म्हणालो, “स्कोग बोलतोय. उंची शून्य. तुम्ही विचारताय ना, तर शून्य. तुम्ही कधीच पोचलात. मी दोनच फेऱ्या मारल्या आणि झेंडा वर केला. मी पाव खात होतो. पाण्यावर काही नव्हतं, दिसण्यासारखं काही नव्हतंच, कुणालाच दिसलं नसतं. तुमच्या डोळ्यांना काही झालेलं नाही. सगळ्या सुया ओवलेल्या आहेत, एक अजून शिल्लक आहे. साहेब, आता पाय टेकवा.”

टोपी समोर होती. ती इंजिनाबरोबर थरथरत होती, बाकी काही नाही. मी थांबलो. मग लक्षात आलं, की कशासाठी थांबलोय. नळी मागून पुढे जाते. पुढून मागे काही येत नाही. त्यांनी काही म्हटलं असतं तरी मला कळलं नसतं.

मी वळलो आणि उतरायला लागलो. खाडीच्या मधोमध होडी होती, तिच्यावर पांढरा झेंडा. सूर्य समोर. खाली आभाळ होतं आणि त्यात ढग. मी उतरत राहिलो आणि वाट बघत राहिलो, कुणीतरी विचारायची. महिनाभर कुणीतरी विचारत होतं, आणि विचारलं की मी काठाकडे बघत होतो. पण तो प्रश्न पुढच्या बैठकीत येतो, आणि त्या सकाळी पुढच्या बैठकीत मी नव्हतो.

मग पोत्याने मान वळवली. डावीकडे, काठाकडे, सावकाश. वाऱ्याने असेल. मी ती वळलेली टोपी बघत राहिलो आणि काठाकडे बघायचं राहून गेलं.

पाणी गार होतं. मावशीने या खेपेला पोटात घातलं नाही, मला बाहेर टाकलं आणि स्वतः नाकावर उभी राहिली. थोडा वेळ शेपूट वर दिसत होती, त्यावर बसायला एक पक्षीही आला. मग त्याला उडावं लागलं. सिव्हर्टने मला कॉलरला धरून होडीत ओढलं. त्याच्या दुसऱ्या हातात वाफल होतं, अर्धं खाल्लेलं, आणि पाणी सगळीकडे सपाट होतं, फक्त मी पडलो तिथे गोल निघत होते.

“किती फेऱ्या मारल्यास?” मी दात वाजवत विचारलं.

“तीन.”

“सिव्हर्ट.”

“लिहिलंय ना,” तो म्हणाला. पण उरलेलं वाफल त्याने मला दिलं.

माझे डोळे तीन डॉक्टरांनी तपासले. उत्तम निघाले. इथे कप्तान फाल्सेन अडचणीत आले. वहीप्रमाणे आरसा फुटलेला होता. विमान नुकतंच दुरुस्त झालेलं होतं. वैमानिकाची नजर चांगली होती, तिघांनी लिहून दिलं होतं. दोष देण्यासारखं काहीच उरलं नव्हतं, आणि दोष नसताना विमान बुडणं नियमांत बसत नव्हतं. दोन दिवस विचार करून त्यांनी नोंद केली: ‘नमुना अकरा, दुरुस्तीला.’ ग्रोनलींनी नमुना बारावर काम सुरू केलं. मला होडीवर परत पाठवलं. मी रोज तीन फेऱ्या मारतो. मग आणखी एक मारतो, तिची नोंद होत नाही.

पहिल्याच सुट्टीत मी बोर्गहिल्ड त्वाइतेनच्या गावी गेलो. तिने दार उघडलं, कॉफी ठेवली, समोर बसली. मी सगळं सांगितलं, पावापासून वाफलपर्यंत, नळीसकट. भिंतीजवळच्या गादीला एक सुई टोचलेली होती, तिच्यात काळा दोरा.

“म्हणजे डोळे चांगले होते,” ती म्हणाली.

“हो.”

“आणि हे तुम्हाला त्या दिवशी धक्क्यावर ठाऊक होतं. माझी पेटी उचललीत तेव्हा.”

“हो.”

तिने माझा कप उचलला. कॉफी अर्धी बाकी होती. ती मोरीत ओतली, कप धुतला, पुसला, कपाटात ठेवला. मला वाटलं आता जायला सांगेल. मी उठलो.

“मग?” ती पाठमोरीच म्हणाली. “ते काय म्हणाले?”

“कधी?”

“तुम्ही सांगितल्यावर. काहीतरी म्हणाले असतील. उलट उत्तर दिल्याशिवाय राहणारा माणूस नव्हता तो.”

“बोलनळी एकाच बाजूने चालते,” मी म्हणालो. “पुढून मागे ऐकू येत नाही.”

“मग दुसरी बसवून घ्या,” ती म्हणाली. “आणि काय म्हणाले ते मला येऊन सांगा. तोवर येऊ नका.”

त्याप्रमाणे अर्ज केला आहे. त्याची प्रत खाली देतो.

प्रति, प्रमुख, उड्डाण साहित्य विभाग, ओस्लो. विषय: नमुना अकरा या विमानास दुसरी बोलनळी बसवण्याबाबत. महोदय, सदर विमान ठाण्याच्या नोंदीप्रमाणे दुरुस्तीला असल्याने, त्यात सुधारणा करण्यास हीच वेळ सोयीची आहे. विमान सध्या खाडीच्या मधोमध, साठ मीटर खोलीवर, पुढील बैठकीत लेफ्टनंट त्वाइतेन (एक्क्याऐंशी किलो) यांच्यासह उपलब्ध आहे. तरी विनंती, की पुढील बैठकीपासून मागील बैठकीपर्यंत जाणारी एक रबरी नळी, नरसाळ्यासह, सदर विमानास विमान आहे त्या जागी बसवून मिळावी, व ती बसेपर्यंत मागील बैठक निम्नस्वाक्षरीकाराच्या नावे राखून ठेवावी. आपला आज्ञाधारक, आइलिफ स्कोग, होडीवर.